वाचलंत की चाळलंत?

सोमणकाका पुस्तक उसनं द्यायचे, पण परत घेताना उलटतपासणी केल्याशिवाय दारातून हलू द्यायचे नाहीत. "वाचलंत की चाळलंत? मग सांगा, धाकटी जाऊ शेवटी कुठे गेली?" कर्वेनगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या या माणसाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, लिफ्टवर नाही, माझ्यावर तर नाहीच.

असे काका रेडिओवरच्या स्पर्धेत उतरले, तेव्हा मी चाटच पडले. आवडत्या पुस्तकाची वकिली करायची आणि दर फेरीत वकिलांनीच मतं देऊन एक पुस्तक बाद करायचं. जिंकेल ते पुस्तक मग रेडिओवर रोज थोडं थोडं वाचून दाखवणार होते. काकांना हवं होतं ते एवढंच. काकूंची नजर गेली होती आणि लग्नाआधी वाचलेली एक कादंबरी त्यांना पुन्हा ऐकायची होती. काका वाचून दाखवायचे, पण काकू वैतागायच्या. "अहो, तुम्ही वाचलंत की नायिकासुद्धा चोर वाटते!"

उपांत्य फेरीत उरले तिघे: काका, एक प्राध्यापक आणि हडपसरच्या आयटी कंपनीतली ऋतुजा. काका काकूंबद्दल बोलले, पण कादंबरीचा शेवट काही त्यांनी सांगितला नाही. ऋतुजा तर फारच सुंदर बोलली. मी सोबत गेले होते. चहाच्या वेळी काका माझ्या कानाशी लागले. "मशीनकडून लिहून घेतलंय. इतकं नीटनेटकं कुणी भारावतं का?" तेवढ्यात ती प्राध्यापकांशी हसून बोलताना दिसली. "बघा, संगनमत!"

चिठ्ठ्या उघडल्या. प्राध्यापकांनी काकांचं पुस्तक बाद केलं होतं, काकांनी ऋतुजाचं आणि ऋतुजानं प्राध्यापकांचं. काकांनी तिच्यासारखंच मत दिलं असतं, तर प्राध्यापक बाहेर गेले असते. आता निर्णायक मत निवेदिकेकडे गेलं आणि तिनं काकांचं पुस्तक बाद केलं.

"तुमच्या संशयानंच घात केला," मी रिक्षात फटकन बोलून गेले. मला खरंच राग आला होता.

काका मीटरवरची नजर न काढता म्हणाले, "हिला काय सांगू?"

रविवारी ऋतुजा काकांच्या दारात हजर. "काका, ॲक्च्युअली, काकूंना ती नॉव्हेल मी वाचून दाखवू का?"

काकांनी दाराची साखळी काढली नाही. "यात तुमचा काय फायदा?"

"तुम्ही एंड सांगितलाच नाही ना. मलाही कळायला हवा."

साखळी निघाली. पण पुढे कित्येक रविवार ती वाचायची आणि काका शेजारी बसून ओळीवर ओळ तपासायचे. "एक शब्द गाळलात," असं मधेच बजावायचे. तीही निमूटपणे मागे जाऊन पुन्हा वाचायची. मला तिचं कौतुक वाटे आणि काकांची लाज.

एका दुपारी मी वाटी परत द्यायला गेले, तर ऋतुजा पुस्तक धरून थांबली होती. काकांची मान खुर्चीत कलली होती.

"वाच गं तू, थांबू नकोस," काकू हळूच म्हणाल्या. "परक्या माणसासमोर हे आज पहिल्यांदा घोरतायत."