बाबांनी आज माझा चेलो ऐकला

मंडळी, गेलं वर्षभर मी दर रविवारी अहमदपूरहून नांदेडला जाते. विद्यापीठातल्या एक मॅडम मला चेलो शिकवतात. चेलो म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून, तारांवर गज ओढून वाजवायचं मोठं व्हायोलिन. आज पहिल्यांदाच बाबा सोबत आले. तरुणपणी ते गावोगाव भीमगीतं गायचे.

मी वाजवलं. मॅडम काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "हिला घाई लई हाय."

मॅडम हसल्या. "काका, तुम्हीच सांगा तिला."

बाबांनी डोळे मिटून एक लांब सूर लावला. "आधी गा. मग गज ओढ."

मी गायले, मग वाजवलं. वर्षभरात पहिल्यांदा सूर थरथरला नाही.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "बाबा, लहानपणी का नाही शिकवलं मला गाणं?"

"गाण्यात पडली असतीस तर अभ्यास सुटला असता. माझा सुटला तसा."

त्याच अभ्यासावर मला बँकेत नोकरी लागली. राग धरावा की त्यांचा हात, कळेना. शेवटी हातच धरला.

तुमच्याही घरात कुणी स्वतःची सगळ्यात आवडती गोष्ट तुमच्या भल्यासाठी तुमच्यापासून लांब ठेवली होती का?