सोपानरावांच्या हातात माईक

ताणमुक्ती शिबिर सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि अजून सत्कारच चालले होते. पुण्याहून आलेले ट्रेनर लॅपटॉप उघडून ताटकळत बसले होते. शिफ्ट बदलताना जेमतेम तासभर मिळालेला, त्यातला निम्मा शाल-श्रीफळात गेलेला.

मी इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात एचआर मॅनेजर आहे. शिबिर नावाला सगळ्यांचं, पण खरं तर ते सोपानरावांसाठी होतं. सोपानराव आमचे केन यार्ड सुपरवायझर. केन यार्ड म्हणजे उसाच्या गाड्या वजनासाठी थांबतात ते मैदान. तिथे ते दिवसभर गाड्यांचे नंबर पुकारतात. भर हंगामात त्यांनी राजीनामा दिला होता.

"डोकं ठणकतंय मॅडम. घरी गेलो तरी ठणकतंय. न्हाय जमायचं आता," एवढंच म्हणाले.

जीएम साहेबांनी मला बोलावलं. "स्ट्रेस मॅनेजमेंट तुमचं खातं ना? थांबवा त्यांना. नाहीतर सोमवारपासून यार्डात तुम्ही उभ्या राहा."

म्हणून हे शिबिर.

आता आमच्याकडे सत्काराशिवाय कार्यक्रम म्हणजे कार्यक्रमच नव्हे. त्यात स्टोअरच्या साहेबांचा सत्कार बॉयलरच्या तात्यांच्या आधी झाला.

"स्टोअरचा मान आधी? आमी काय सतरंज्या उचलाय आलोय?" तात्या उठले. मागोमाग अख्खं बॉयलर खातं उठलं. मग वर्कशॉप उठलं. ट्रेनर माईकवरून "दीर्घ श्वास घ्या" म्हणत होते, पण श्वास सगळ्यांना भांडायला लागत होता.

एवढ्यात मागे बसलेले सोपानराव तरातरा पुढे आले आणि त्यांनी ट्रेनरच्या हातातला माईक काढून घेतला.

"खाली बसा समदी! नंबरानं घेणार. आता बॉयलर, मग वर्कशॉप. मधी कुणी घुसायचं न्हाय!"

तात्यांसकट सगळे खाली बसले.

"नारळ एकच उरलाय," मी त्यांच्या कानात सांगितलं.

"फोटो झाला की नारळ जमा करायचा," त्यांनी माईकवरूनच जाहीर केलं. "शाल बी. चला, फुडची गाडी!"

तोच नारळ अख्ख्या कारखान्यानं घेतला, फोटो काढला आणि मुकाट परत दिला. ट्रेनरही रांगेत उभे राहून दुसऱ्यांदा सत्कार घेऊन गेले. त्यांचं व्याख्यान मात्र राहिलंच. सोपानरावांचा चेहरा इतका खुलला होता, की मला ते व्याख्यान राहिल्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

"बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"व्हय की. यार्डात परत्येक ट्रॅक्टरवर ह्ये एवढाले स्पीकर, गाणी लावलेली. मी घसा फुटंस्तोवर वरडतो, आन् लासुर्ण्याचा ट्रॅक्टरवाला म्हणतो, माझा नंबर पुकारलाच न्हाय. मग भांडणं. आज एकदा बोललो आन् समद्यांनी ऐकलं. ह्यो माईक तितं द्या, मी कशाला जातोय?"

जीएम साहेबांनी लगोलग यार्डात माईक आणि मोठे भोंगे बसवून दिले. राजीनामा मागे घेतला गेला. भांडणं मिटली. सोपानराव आता नंबर तर पुकारतातच, वर ड्रायव्हरांच्या मिशा, टायर आणि नवीन सोयरीक यांवर दिवसभर बोलतात. एक भोंगा बरोबर माझ्या केबिनच्या खिडकीवर आहे.

हल्ली डोकेदुखीची गोळी मला लागते. कर्मचाऱ्यांचा ताण जात नसतो, एवढं मी या नोकरीत शिकले. त्याची फक्त दुसऱ्या खात्यात बदली होते.