ओक्काने चमचा ठेवला नाही

वियार्ड हार्म्स दुसऱ्यांदा पडला तो बटाट्याच्या वाफ्यात. सत्त्याऐंशी वर्षांचा हाडापेराने थोराड गडी. आणि उचलायला घरात कोण, तर त्याची बहीण ओक्का. वय एक्क्याऐंशी, वजन भिजल्या कोंबडीएवढं. तिने कुणाला हाक मारली नाही. एकचाकी ढकलगाडी आणली, आडवी केली, भावाला तिच्यात लोळवलं आणि दारापर्यंत लोटत आणलं. वर बटाट्याची टोपली त्याच्या मांडीवर ठेवली. दोन खेपा कशाला घालायच्या?

त्यानंतर वियार्ड ठणठणीत, आणि ओक्का कमरेत वाकली ती आठ दिवस वाकलेलीच.

त्यांच्या गेलेल्या बहिणीची मुलगी फ्राउके पोस्टात कामाला आहे. रविवारी आली, दोघांकडे बघितलं आणि कोट न काढताच बोलली, "मावशी, मामाला आता वृद्धाश्रमात ठेवायला हवं. पुढच्या वेळी तुम्ही दोघंही पडाल, मग गाडी लोटणार कोण?"

"चालेल," वियार्ड म्हणाला.

तो असाच. समुद्राच्या बांधातलं पाण्याचं दार त्याने चाळीस वर्षं सांभाळलं. ओहोटीला उघडायचं, भरतीला लावायचं. समुद्राशी हुज्जत घालून उपयोग नसतो, हे एकदा अंगी मुरलं की माणूस कशालाच फार विरोध करत नाही.

ओक्काचं तसं नव्हतं. तिने जन्मभर कोळंबी सोलली होती, आणि हजारात एक नासकी असते ती पहिल्यांदा तिच्याच हाताला लागायची. "ठेवू ना," ती म्हणाली. "मी कुठं नको म्हणते? पण आधी तिथला चहा पिऊन बघायचा. ज्यांना धड चहा देता येत नाही, ते माणूस काय सांभाळणार?"

फ्राउकेने आता कोट काढला. आमच्या भागात हे खोटं कोण म्हणेल? आधी कपात खडीसाखर, वर कढत चहा. खडा तडकलेला ऐकू यायला हवा. मग कडेने साय सोडायची, आणि ढवळायचं मात्र अजिबात नाही. तीन कप तर घ्यायचेच. चमचा देतात तो ढवळायला नव्हे, पुरे सांगायला. तो कपात ठेवला की पुरे. तोवर वाढणारा वाढत राहणार आणि पिणारा पीत राहणार.

दोघंही बिनलग्नाची. रोज तीन वाजता समोरासमोर बसून चहा घ्यायची आणि भांडायची. साय जास्त झाली, खडा लहान पडला, पाऊस येणार, नाही येणार. पन्नास वर्षं एक दिवस चुकला नव्हता. वियार्ड गेल्यावर तीन वाजता ओक्काने भांडायचं कुणाशी? हे ती बोलली नाही. पण तेवढं न कळायला आम्ही काय दगड आहोत?

पहिल्या आश्रमात गरम पाण्याचा पेला आला, त्यात दोरा बांधलेली कागदी पुडी. ओक्काने मेलेला उंदीर धरावा तसा तो दोरा दोन बोटांत धरून पुडी वर काढली आणि तिथल्या बाईला विचारलं, "अहो, हा तुमच्याकडे कधीपासून आजारी आहे?"

दुसऱ्या आश्रमात चहा फक्कड होता, पण वाढणारी पोरगी होती डोंगरातली, नुकतीच आलेली. वियार्डने तिसऱ्या कपानंतर चमचा ठेवला. तिने तो काढला, छान पुसला, बशीत ठेवला आणि कप भरला. त्याने पुन्हा ठेवला, तिने पुन्हा पुसला. भरलेला कप टाकून उठायचं आमच्या माणसांच्या जिवावर येतं. वियार्ड नऊ कप प्यायला. परतताना फ्राउकेला बांधाच्या कडेला तीनदा गाडी थांबवावी लागली. तो मेंढरांमागे आडोशाला जायचा आणि मेंढरं तोंड फिरवायची.

"बघ," ओक्का खुशीत म्हणाली. "इथं आठवड्यात फुगून मेला असता."

तिसऱ्या आश्रमात खडा तडकला, साय वर आली, चमच्याचा मान राहिला. मग ओक्काला खिडकी पटेना.

"बांध दिसत नाही."

"चाळीस वर्षं बघितलाय," वियार्ड म्हणाला. "तो काही हलत नाही."

"पडद्यावर बदकं आहेत."

"मावशी," फ्राउके म्हणाली, "तू आश्रम शोधत्येस की खोट?"

ओक्काने नाक शिंकरलं.

चौथा आश्रम शेजारच्याच गावात, सायकलवर दहा मिनिटं. तिथं बोग्ना नावाची पोलंडची धिप्पाड बाई होती. अकरा वर्षं इथल्या म्हाताऱ्यांच्या शिव्या खाऊन चहा शिकलेली. साय सोडताना तिने सायीची पळी कपाच्या कडेने घड्याळाच्या उलट फिरवली. वेळ थांबावी म्हणून आमच्या आज्या तसंच करायच्या. ओक्काचा चेहरा पडला.

तीन कप झाले. वियार्डने चमचा ठेवला, फ्राउकेने ठेवला. ओक्काचा बशीतच.

"रात्री उठला तर?" तिने विचारलं.

"मी येते की," बोग्ना म्हणाली आणि चौथा ओतला.

"त्याला अंडं घट्ट उकडलेलं लागतं."

"दगडासारखं देऊ, आजी." पाचवा.

"घोरतो."

"इथं सगळेच घोरतात. वाद्यवृंद आहे." सहावा.

ओक्का विचारत गेली. पायमोजे, तंबाखू, गुडघ्याचं मलम. चमचा ठेवला की उठायचं, आणि उठलं की ठरलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आठव्या कपाला शेजारच्या टेबलावरचे म्हातारे खुर्च्या वळवून बसले. दहाव्याला बोग्ना दुसरी किटली घेऊन आली. फ्राउके मावशीकडे बघत होती, मावशी खिडकीकडे, आणि खिडकीतून, काय करणार, बांध दिसत होता.

अकराव्या कपाला वियार्डने हात पुढे केला. त्याने ओक्काच्या बशीतला चमचा उचलला आणि तिच्या कपात ठेवला.

दुसऱ्याच्या कपात चमचा कुणी ठेवत नाही. नवरा बायकोच्या ठेवत नाही. भर मंडळीत कुणाच्या डोक्यावरची टोपी काढल्यासारखं आहे ते.

"शरम वाटते का?" ओक्का म्हणाली.

"भरती आली की दार लावायचं असतं," वियार्ड म्हणाला. "नाहीतर फुटशील. बोग्नाबाई, मला बुधवारी येऊ द्या. आणि ही रोज तीनला येणार. तीन कप द्यायचे. चौथा मागितला तर मी भांडेन."

"तू भांडशील? तुला भांडता येतं कुठं? सारं आयुष्य मीच दोघांचं भांडले!"

"म्हणून तर म्हणतो, रोज ये."

परतताना या खेपेला ओक्कासाठी गाडी थांबवावी लागली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती मेंढरांमागून लवकर येईना. आली तेव्हा डोळे लाल होते, पण हनुवटी नेहमीसारखी वर.

"सापडली मला खोट," गाडीत बसता बसता ती म्हणाली.

फ्राउकेने चावी फिरवायची थांबवली. "आता काय गं, मावशी?"

"कप जाड आहेत त्यांचे. बुधवारी त्याच्या सामानात घरचे दोन टाक."