दुसऱ्या खिळ्यावरचा फोटो

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत माती मळणारे पुष्कळ, रंग मारणारे त्याहून पुष्कळ. पण डोळे लिहिणारे मोजकेच. पुंडलिक त्यांतला एक. गेली पस्तीस वर्षं तो मूर्तीसमोर मांडी घालून बसतो, श्वास रोखतो आणि बारीक ब्रशाने बाप्पाला नजर देतो. तो कामाला बसला की कारखान्यात कुणी शिंकायचं नाही असा नियम आहे, आणि मालकसुद्धा बाहेर जाऊन शिंकतो. स्वतःच्या हाताचा पुंडलिकला भारी अभिमान. दुसऱ्या कारखान्यातली मूर्ती दिसली की लांबूनच म्हणणार, "यांच्या बाप्पाची झोप झालेली नाय." गिऱ्हाइकाने मूर्तीबरोबर एक फोटो काढू म्हटलं, की हा मात्र ब्रश धुवायच्या निमित्ताने उठून जातो. मोठ्या कलाकाराचा विनय, असं लोकांना वाटतं.

त्याच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर दोन खिळे आहेत. दोन्ही त्याच्या वडिलांनी ठोकलेले. एकावर आता वडिलांचा फोटो आहे, नाक पुढे काढून बसलेले. दुसऱ्यावर पन्नास वर्षं कॅलेंडर लटकतंय. तो खिळा खरा आईचा. आई, म्हणजे गिरजा, पुंडलिक अडीच वर्षांचा असताना माहेरी तापाने गेली. तिचा एकच फोटो घरात होता, लग्नातला, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले होते. पुंडलिकचे चुलते हैबतराव यांनी तेव्हाच निकाल देऊन टाकला होता, "मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर लावत नाय. मयताचा वाटतो." हैबतरावांनी निकाल दिला की त्यावर अपील नसतं, त्यामुळे फोटो पेटीत गेला आणि खिळ्यावर कॅलेंडर आलं.

यंदा वैशाखात मुलीचं, नूतनचं, लग्न ठरलं. पत्रिका देवापुढे ठेवताना नूतनने सहज विचारलं, "पप्पा, आजीचे डोळे कसे होते ओ?" हजारो मूर्तींना डोळे दिलेल्या माणसाला आपल्या आईचे डोळे ठाऊक नव्हते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात आणखी एक जुनं दुखणं होतं. पुंडलिक ना वडिलांवर गेलेला, ना चुलत्यांवर. लहानपणापासून हैबतराव चारचौघांत म्हणत आलेले, "ह्यो आमचा नाय दिसत. यष्टी टेसनावर कोन तरी इसरून गेला आनि आमी उचलून आनला." सगळे हसायचे, पुंडलिकही हसायचा. पण चोपन्न वर्षांचा झाला तरी ते त्याच्या मनाला लागायचं. आईचा उघड्या डोळ्यांचा एक फोटो मिळाला तर आपण कुणाचे ते तरी कळेल, आणि नूतनच्या हळदीला तो दुसऱ्या खिळ्यावर लागेल, असं त्याने ठरवलं.

मग त्याने कारखान्यातून आठ दिवसांची रजा घेतली. मालक चरफडला, पण डोळे लिहिणाऱ्याला कोण बोलणार? पुंडलिक गाडीत बसून रोह्याला गेला आणि तिथून रिक्षाने आईच्या माहेरच्या गावी. तिथल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात गिरजा सापडली. जन्मतारीख एक जून. तिच्या वरच्या ओळीतल्या मुलाची एक जून, खालच्या दोघींची एक जून. एवढं गाव एका दिवसात जन्माला घालून त्या वेळचे गुरुजी बहुधा दमून झोपले असावेत. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वर्तणूक बरी. फार हसते.' पुंडलिकने ती ओळ चार वेळा वाचली आणि शाळेतल्या बाईंना विचारून मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला.

चौथीच्या वर्गाचा एक फोटोही कपाटातून निघाला. बत्तीस पोरं आणि एक टोपीवाले गुरुजी. एकतीस पोरांनी डोळे वटारलेले, भूत बघितल्यासारखे. बत्तिसावी गिरजा, डोळे मिटून.

"ऊन डोळ्यावर आलं असंल," पुंडलिक म्हणाला.

तिसरा फोटो गावातल्या जुन्या शिवणवर्गाचा. तो ग्रामपंचायतीत लोखंडी कपाटाच्या मागे, धुळीत, उलटा पडलेला होता. नऊ बाया, तीन मशिनी, आणि मधल्या मशिनीवर गिरजा. पुंडलिकने काच शर्टाने पुसली, चष्मा पुसला, पुन्हा काच पुसली. डोळे मिटलेले. आता मात्र त्याला त्या कधीच्या मेलेल्या फोटोवाल्याचा राग आला.

त्याच कपाटात मृत्यूची नोंदवही होती. गिरजा, वय चोवीस. पुंडलिक बाकावर बसून राहिला. नूतन सव्वीस वर्षांची होती. आपली आई आपल्या पोरीहूनही लहान होती हे त्याच्या आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं, आणि त्याला तिची फार माया आली.

फोटो नाही तर साक्षीदार तरी, म्हणून तो माणसं विचारत फिरला. हैबतराव म्हणाले, "गिरजावैनीचे डोले? ह्ये मोठ्ठे! बघितलं की मानूस उठून उबा ऱ्हायचा." शेजारच्या विमलबाई म्हणाल्या, "नाय रे बाबा, बारीक व्हते, उंदरावानी." आईची धाकटी बहीण बायजामावशी रोह्याला असते. ती म्हणाली, "माज्यासारके." पण मावशीच्या चष्म्याची भिंगं एवढी जाड, की आतले डोळे बशीएवढे दिसतात. त्यावरून काही ठरवणं कठीण होतं.

शेवटी पुंडलिक पेणच्या फोटो स्टुडिओत गेला. स्टुडिओवाला रितेश एकदम उत्साहात. "काका, टेन्शन नका घेऊ. कंप्युटरवर दुसरे उघडे डोळे लावून देतो. हिरोइनचे लावू?"

"माज्या आईला?" पुंडलिक कडाडला. "डोले म्हंजे माजं काम हाय. तू फकस्त मोठा करून दे."

रितेशने लग्नातला चेहरा मोठा करून, लॅमिनेट करून दिला. हळदीच्या आदल्या दिवशी पुंडलिकने घरातल्यांना शिंकायची बंदी केली, श्वास रोखला आणि आईचे डोळे लिहिले. संध्याकाळी बायको, नंदा, देवाला दिवा लावायला आली. तिने देव्हाऱ्याशी टेकवलेल्या फोटोकडे पाहिलं, दिवा खाली ठेवला आणि मुकाट्याने हात जोडले. मग हैबतराव आले. हे गृहस्थ आयुष्यभर चपला घालून घरात शिरलेले, आज उंबऱ्याबाहेर चपला काढून आले आणि म्हणाले, "मोरया."

पुंडलिक चार पावलं मागे सरला, आणि त्यालाही दिसलं. नथ आईची, मुंडावळ्या आईच्या, आणि डोळे गणपतीचे! पस्तीस वर्षांत हाताला दुसरे डोळे माहीतच नव्हते. नंदाला हसू आवरेना. पुंडलिकही हसायला गेला, पण त्याला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीला बायजामावशी रोह्याहून आली. फोटो बघून ती भिंतीला टेकून हसली, हसता हसता खोकली. "अरे पुंडल्या, गिरजीला देव करतोस व्हय? शेजाऱ्याचे आंबे पाडायची ती!" तिने पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि बाप्पाचे डोळे पुसून टाकले. मिटल्या डोळ्यांची गिरजा पुन्हा दिसू लागली. "आता बघ. आता दिसली माजी भन."

एवढ्यात रितेश कॅमेरा घेऊन आला. घरातल्यांचा एक फोटो हवा, असं नूतनने पुंडलिकला बजावून ठेवलं होतं, आणि आज ब्रश धुवायची सोय नव्हती. सगळे देव्हाऱ्यापुढे उभे राहिले. "एक, दोन, तीन!" फ्लॅश चमकला. रितेशने कॅमेऱ्यात पाहिलं. "काका, डोळे मिटलेत." पुन्हा एक, दोन, तीन. "काका, परत मिटले." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. पुंडलिक ओशाळला.

"ह्यांचं हे असंच हाय," नंदा म्हणाली. "म्हनून तर आमच्या लग्नाचा अल्बम मी पेटीच्या तलाशी ठेवलाय. लोक म्हनतील, नवरा झोपेत उचलून आनला."

बायजामावशी चष्मा कपाळावर चढवून पुंडलिकच्या अगदी जवळ आली. "थांब गो," ती नंदाला म्हणाली. "रितेश, परत मोज." रितेशने मोजलं. तीन म्हणताच पुंडलिकच्या पापण्या खाली आल्या, आणि हसू दाबताना ओठाचा डावा कोपरा वर गेला.

"गिरजी!" मावशी ओरडली. "अगदी गिरजी! ती पन तीन म्हटलं की डोले मिटायची नि अशीच ओठ दाबायची. म्हनायची, फोटोवाला मोजायला लागला की मला हसू येतंय. अरे येड्या, दिसतोस आईसारका नि इचारत फिरतोस गावभर!"

सगळ्यांनी फोटोतल्या गिरजाचा ओठ पाहिला, मग पुंडलिकचा. हैबतरावांनी दोनदा घसा खाकरला. मग ते स्वतः पुढे झाले, कॅलेंडर काढलं आणि दुसऱ्या खिळ्यावर गिरजावहिनीला आपल्या हातांनी लावलं. "टेसनावरचा नाय रे तू," ते भिंतीकडे बघतच म्हणाले.

पुंडलिकने डोळे पुसले आणि आईच्या फोटोखाली जाऊन ताठ उभा राहिला. रितेशने आणखी एक फोटो काढला, कॅमेऱ्यात बघून मान हलवली आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "राहू दे काका, तुमचे उघडे डोळे मी कंप्युटरवर लावून देतो."

"हात तर लावून बघ," पुंडलिक म्हणाला.