उतारावर ब्रेक लावू नका

वळणकाका हे त्यांचं खरं नाव नाही, पण आता त्यांनाही ते चालतं. समोर सरळ रस्ता असला तरी हा माणूस वळणाचाच धरणार, म्हणून माझ्या गिऱ्हाइकांनी ते पाडलं. माझ्या सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत ते एकटे राहतात. एक खाट, एक शेगडी आणि भिंतभर नकाशे. बायको गेल्यावर त्यांनी आरसा काढला आणि तिथेही नकाशाच लावला. दाढी करायला ते खाली माझ्या दुकानातल्या आरशासमोर येतात. मी कुरकुर करते, ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

लांबच्या दौऱ्यावर निघालेले सायकलवाले त्यांच्याकडून मार्ग आखून नेतात. कागदावर रस्ता कितीही देखणा दिसो, काका आधी तो स्वतः सायकलवरून बघून येणार. कडेला मेलेली कुत्री दिसली की रस्ता बाद. कुत्र्याला न चुकवणारे सायकलवाल्याला काय चुकवणार, असं त्यांचं म्हणणं. दुपारची सावली कुठल्या बाजूला पडते, नळाला पाणी आहे का, ट्रकवाले वळणावर हॉर्न देतात का, हे सगळं बघून झालं की मग तळी, टेकड्या आणि झाडी. देखावा शेवटी का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, धड पोचला तर बघेल ना. वर आणखी एक नियम आहेच. जिथे मी माझी पोर पाठवणार नाही, तिथे दुसऱ्याचं लेकरू पाठवायचं नाही. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

ही पोर म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन लांबच्या शहरात असते. तिचे फोन येतात, पण घाईतले. तब्येत कशी, जेवलात का, ठेवते. ती इकडे शेवटची आली ती आईच्या आजारपणात. काका तिच्याबद्दल तक्रार करत नाहीत. ते काम माझ्याकडे आहे.

यंदा तिने स्वतःहून मोठा फोन केला. ती आणि नवरा सायकलने थेट समुद्रापर्यंत जाणार होते, बाबांनी मार्ग आखून द्यावा. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. मी हातातला टायर खाली ठेवला. सगळं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "वाटेत तुमचं घर लागतं का हो, बाबा?"

तिच्या वाटेकडून आमच्याकडे यायला एकच रस्ता, दगडखाणीचा. अरुंद, कडा तुटलेल्या, आणि ट्रक असे सुटलेले की मी स्वतः टेम्पो चालवताना जीव मुठीत धरते. काकांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "नाही लागत. इकडे खाणीचे ट्रक असतात."

"बरं, मग राहू दे," ती म्हणाली.

ते 'राहू दे' मला झोंबलं. मी काकांना झापलं. त्या दोघांना फाट्यावर थांबायला सांगा, मी टेम्पोतून सायकलींसकट घेऊन येते. ते म्हणाले, यायचंच असतं तर तिने दुसरी वाट विचारली असती. पण तरी माणूस हार मानेना. खाणीला वळसा घालून घरापर्यंत येणारी एखादी वाट सापडते का, हे शोधत रोज धुळीने माखून परत यायचे. वाट नव्हतीच. शेवटी त्यांनी टेकडीपलीकडचा, सगळ्यात सुरक्षित मार्ग आखून पाठवला. तो आमच्या सगळ्यात जवळ येतो तो टेकडीखालच्या पुलावर. तिथे बघण्यासारखं काही नाही. पूल आणि खाली थोडंसं पाणी, बस्स.

ती पुलावरून जाणार त्या सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. हातात डबा. त्यात सोललेली संत्री, बिया काढलेली. लहानपणी तिला तशीच लागायची. तिला कळवलंत का, मी विचारलं. "नाही. सांगून थांबली तर त्यात काय?" असं म्हणून त्यांनी धुळीसाठी काळा चष्मा लावला, हेल्मेट चढवलं, वर पिवळं जाकीट घातलं आणि ज्या रस्त्याने कुणाला जाऊ देत नाहीत त्याच खाणीच्या रस्त्याने निघाले. मी जीव टांगणीला लावून दुकानात बसले.

परत आले तेव्हा डबा भरलेलाच होता. हळूहळू सांगितलं. जावई आधी गेला. मागून ती आली, वाकून, सुसाट. यांनी हात हलवले, तिला हाक मारली. वाटेतल्या अनोळखी माणसाला करतात तसा तिने हसून हात केला, आणि त्याच वेगात समोरचा अर्धा चढ चढूनही गेली.

"एकदाही ब्रेकला हात लावला नाही पोरीने," ते कौतुकाने म्हणाले. मग चष्मा काढला आणि रडले. मलाही आवरलं नाही. आम्ही दोघांनी बसून ती संत्री खाल्ली. गोड होती.

संध्याकाळी ते दुकानातच असताना तिचा फोन आला. रस्ता काय सुंदर होता, एक ट्रक दिसला नाही, टेकडीवरून तर नुसती मजा, असं ती भरभरून सांगत होती. मग म्हणाली, "खाली पुलावर एक म्हातारे सायकलवाले उभे होते, डबा घेऊन. तुमचीच आठवण आली."

मी तोंड उघडलं. काकांनी हात वर करून मला गप्प केलं.

"मग थांबायचं होतंस की," ते म्हणाले.

"अहो, तुम्हीच लिहिलं होतं ना! उतारावर ब्रेक लावू नका, त्याच वेगात पुढचा चढ निघतो."

"हो," काका म्हणाले. "खरंच निघतो."

त्यानंतर त्यांनी त्या मार्गातली एक ओळ बदलली. आता तिथे लिहिलेलं असतं, उतारावर वेग कमी करा, पुलावर जरा थांबा. सायकलवाले परतताना माझ्याकडे हवा भरायला येतात आणि कुरकुरतात. परवा एक जण म्हणाला, काकांचं ऐकून थांबलो, चढावर दम निघाला, आणि तिथे तर काहीच नव्हतं हो.

मी म्हटलं, तरी थांबत जा.