कव्हर घेऊ का, वैजनाथ?

कोथरूड डेपोच्या अलीकडे, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधल्या अरुंद गाळ्यात एक ऑफिस होतं. तिथे गाड्या भाड्याने मिळत आणि चालवायच्या आपल्या आपण. दोन हजार पंधरा-सोळाचा सुमार. हिंजवडीतली पोरं शुक्रवारी संध्याकाळी पाठीला सॅक लावून हजर व्हायची. लग्नं नवी, पगार बरे आणि महाबळेश्वर गाठायची घाई. अशांना हेरण्यात काउंटरवरच्या वैजनाथचा हात धरणारा कोणी नव्हता.

गाडीचा विमा असतोच. पण पोचा, ओरखडा, फुटलेला दिवा यांचा खर्च बऱ्याच मोठ्या रकमेपर्यंत गिऱ्हाइकाच्या माथी असे. निघतानाच थोडे जास्त भरून ‘कव्हर’ घेतलं, की तो माफ. वैजनाथ नवऱ्याशी त्याबद्दल अवाक्षर बोलत नसे. बायकोकडे वळून तो अगदी मवाळपणे विचारी, “ताई, साहेबांना घाटाची सवय आहे ना?” ताई साहेबांकडे बघत. साहेब मुकाट्याने पाकीट काढत.

वैजनाथ मूळचा गंगाखेडचा. डिप्लोमासाठी पुण्यात आला आणि गणितात असा आपटला, की वडील त्याला परत न्यायला निघालेच होते. तेव्हा गणिताचे क्लास घेणाऱ्या शरच्चंद्र सरांनी त्याला हाताशी धरलं. सरांच्या क्लासला प्रवेश मिळणं मुश्कील. पण या पोराला ते सकाळी घरी बोलावत, फीचा विषय काढत नसत. सरांच्या पत्नी सुशीलाबाई त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवत. “गंगाखेडकर, हा भागाकार आहे की नवस?” असं सर वहीत डोकावून विचारत. शेवटी गडी पास झाला. इंजिनिअरिंगचं शिकून गाड्या भाड्याने द्यायला लागला, हे पुण्याला शोभेलसंच झालं.

एका मार्चात सर एकटेच ऑफिसात आले. जुनी मारुती विकून टाकली होती आणि सुशीलाबाईंना वाईच्या गणपतीला न्यायचं होतं. सरांनी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तोही बारीक अक्षरांसकट. असं करणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. मग त्यांनी विचारलं, “हे कव्हर घेऊ का, वैजनाथ? तू म्हणशील तसं.”

रोज सराईतपणे चालणारी वैजनाथची जीभ इथे अडखळली. निदान या एका माणसासमोर तरी आपण विकणारे नसावं, असं त्याला फार वाटलं. सर गाडी कशी चालवतात, वाईला गर्दी किती असते, याचा विचार त्याने केलाच नाही. “नको, सर,” तो म्हणाला. “हे नवशिक्यांसाठी असतं. तुम्ही कशाला उगाच पैसे घालवता?” सर खूश होऊन गेले. वैजनाथलाही दिवसभर आपण फार चांगले आहोत असं वाटत राहिलं.

गाडी संध्याकाळी परत आली ती एका अंगाने चेपून. वाईला नदीच्या घाटाजवळ उभी केलेली असताना दुधाच्या टेम्पोने मागे घेता घेता दिव्यापासून दारापर्यंत ठोकली होती, आणि टेम्पो पसार. सरांचा काडीचा दोष नव्हता. पण गाडी ज्याने नेली त्याने भरायचं, हा नियम.

मॅनेजर दिग्विजय बाहेर आला. वयाने वैजनाथपेक्षा लहान, आवाजाने मोठा. “सत्तरीच्या माणसाला कव्हर न देता गाडी दिलीस? काय सांगितलं होतंस यांना?”

शरच्चंद्र सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पगारवाढीची यादी त्याच आठवड्यात लागायची होती. वैजनाथच्या तोंडून निघून गेलं, “मी घ्या म्हटलं होतं, सर. त्यांनीच नको म्हटलं.” यातलं ‘सर’ दिग्विजयला होतं.

शरच्चंद्र सरांनी वैजनाथकडे पाहिलं. रागाने नाही, फळ्यावर चुकलेलं उत्तर दिसल्यावर पाहत, तसं. मग ते दिग्विजयला म्हणाले, “बरोबर आहे. मीच नको म्हणालो.” आणि त्यांनी चेकबुक काढलं.

पगार वाढला. पण वैजनाथला आपलीच लाज वाटू लागली, आणि ती जाता जाईना. सल्ला चुकला याचं त्याला एवढं नव्हतं. सल्ला कोणाचाही चुकतो. आपण सरांच्या तोंडावर खोटं बोललो आणि सरांनी ते खोटं आपल्यासाठी अंगावर घेतलं, हे त्याला गिळवत नव्हतं. माफी मागायला तो दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेला आणि बेल न वाजवताच वळला.

दिवाळीआधी भाजी मंडईत सुशीलाबाई भेटल्या. “यंदा बंगळूरला लेकीकडे, काकू?” त्याने विचारलं.

“कुठलं रे. ते गाडीच्या खर्चाचं मध्येच निघालं ना. बघू पुढच्या वर्षी,” त्या मेथी निवडत म्हणाल्या. “तू का येत नाहीस हल्ली? सर आठवण काढतात तुझी.”

म्हणजे त्याच्या खोट्याबद्दल सरांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. वैजनाथ भाजी न घेताच मंडईबाहेर पडला.

जानेवारीत सर पुन्हा काउंटरसमोर उभे राहिले. साताऱ्याला भाच्याचं लग्न होतं. वैजनाथने फॉर्म भरायला घेतला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “सर, त्या दिवशी मी...”

“त्या दिवसाचं मी भरलंय,” सर म्हणाले. “आजचं बोल. कव्हर घेऊ?”

“घ्या, सर.”

“हे कोण सांगतंय? माझा वैजनाथ, की काउंटरवरचा माणूस?”

वैजनाथची मान वर होईना. “काउंटरवरचा, सर.”

“मग घेतो,” सर म्हणाले आणि सही करायला वाकले. “मागच्या वेळी त्याला विचारलं असतं, तर दिवाळीला लेक भेटली असती.”