मासाजीने शिसं सोडलं

मासाजी ओनोदेरा हा शिबेचा नावाच्या गावातला शिकारी. होक्काइदो बेटावरच्या रानात चाळीस वर्षं हरणांमागे हिंडलेला. हरीण पाडलं की चांगलं मांस घरी न्यायचं आणि आतडी, गोळीने फाटलेला भाग बर्फावर गरुडांसाठी ठेवायचा, ही त्याची रीत. आपल्यामुळे पाखरांचं पोट भरतं, याचा त्याला अभिमानच होता.

एका फेब्रुवारीत तो दोन दिवसांनी त्याच जागी गेला, तर एक समुद्री गरुड पंख पसरून पडलेला. माणूस जवळ आला तरी मान उचलेना. मासाजीने त्याला स्वतःच्या कोटात गुंडाळलं आणि शहरात पाखरांच्या डॉक्टर सुगावाराबाईंकडे नेलं.

बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. पोटात पांढरे कण दिसत होते.

"शिसं आहे, काका," त्या म्हणाल्या. "गोळी हरणाच्या अंगात फुटते, चुरा मांसात राहतो. एवढासा कणही यांना पुरतो."

चौथ्या दिवशी गरुड गेला. कितीतरी दिवस मासाजीला जेवण गोड लागलं नाही.

पुढे हरणांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. शिकाऱ्यांच्या बैठकीत धुसफूस सुरू झाली. तांब्याची गोळी महाग, तिचा नेम बसत नाही, पाखरांपायी आम्ही का सोसायचं, असं जो तो म्हणू लागला.

मासाजी उठला. "नेम बसत नाही, हे खरंय. पण त्या गरुडाच्या पोटात माझी गोळी होती. मी शिकून घेतो."

पहिला मोसम कोरडाच गेला. तांब्याची गोळी वेगळीच जायची. बायको हारुए रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "आजही मुळाच शिजवू ना?" उन्हाळाभर तो मैदानावर निशाण्यावर गोळ्या झाडत बसला, बंदूक नव्याने जुळवली. हिवाळ्यात पहिल्याच गोळीत हरीण पडलं. मग बैठकीत कुरकुरणारेच एकेक करून नेम विचारायला येऊ लागले. मासाजीने कुणालाही जुनं ऐकवलं नाही.

तीन वर्षांनी सुगावाराबाईंचा फोन आला. दुसऱ्या गावचा एक विषबाधा झालेला गरुड वेळेत त्यांच्याकडे पोहोचला होता, बरा झाला होता. सोडायला याल का?

मासाजीने पेटीचं दार उघडलं. गरुड बाहेर आला, मासाजीकडे एकदा रोखून पाहून जड पंख मारत गोठलेल्या समुद्राच्या दिशेने निघाला. ठिपका दिसेनासा होईपर्यंत मासाजी टोपी काढून उभा होता.